जाळ्याचं शिसं

तुमच्या संगणकाखालच्या यूपीएसची बॅटरी संपली, तेव्हा ती कुठे गेली? भंगारवाल्याकडे, असं म्हणाल. आणि तिथून?

मलाही माहीत नव्हतं, आणि मी तर त्यावर पत्रक लिहिलं होतं. आमच्या घरी वडील पत्रकं छापून आणायचे, आम्ही भावंडं घड्या घालायचो. एक पान लोकांच्या हातात पडलं की काहीतरी हलतं, यावर माझा देवावर असावा तसा विश्वास. बारामतीत आम्ही चार मैत्रिणींनी पत्रक वाटलं: संपलेल्या बॅटऱ्या आमच्याकडे आणून द्या, ज्यांनी बनवल्या त्यांना त्या परत घ्यायला लावू. कायदा तेच सांगतो. आठवड्याभरात आमची भाड्याची खोली भरली. बॅटरी कंपनीच्या नंबरावर एक बाई गोड आवाजात तक्रार क्रमांक द्यायची. गाडी कधी आली नाही. घरमालकाने मात्र खोली रिकामी करायला सांगितली.

माझे मामा भिगवणचे, उजनीच्या पाण्यात मासे धरतात. बारामतीला मासळी पोचवून त्यांचा टेम्पो रिकामा परतत होता. ते म्हणाले, बॅटऱ्या माझ्या पडवीत पडू देत, तुझी गाडी येईल तेव्हा येईल. मी लगेच बॅटऱ्या टेम्पोत चढवल्या. त्या बॅटऱ्यांचं ते काय करणार, हे विचारलंच नाही.

दोन महिन्यांनी गेले, तेव्हा पडवीत नवं जाळं पसरलं होतं. जाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याच्या खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या ओवतात. मामा त्या घरीच ओततात, त्यांचे वडीलही ओतायचे. एरवी शिसं बाजारातून विकत यायचं. या वेळी मामांनी माझ्या काही बॅटऱ्या फोडल्या होत्या. आतलं पाणी परसात ओतलं होतं, तिथलं गवत जळून गेलं होतं. शिसं पडवीतल्या चुलीवर वितळवलं होतं. त्याच चुलीवर मामांची सून, माझी वहिनी, भाकरी करत होती. आणि जाळ्यावर बसून तिची दोन वर्षांची मुलगी दोरीची एक गोळी चोखत होती.

मी ती गोळी तिच्या तोंडातून ओढली. वहिनी म्हणाली, दाढा येतायत, दिसेल ते तोंडात घालते. पोट दुखतं म्हणून रडते, जेवत नाही, दृष्ट काढली तरी फरक नाही. मी ऐकत होते आणि मला माझ्याच पत्रकातलं तिसरं वाक्य आठवत होतं: शिसं लहान मुलांच्या मेंदूत जातं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. ते लिहिताना मला काहीही झालं नव्हतं. वाक्य चांगलं जमलंय, एवढंच वाटलं होतं.

"शिसं हाय ते, इख न्हाय," मामा म्हणाले. "माझा बा ह्येच करत आला. मी काय येडा झालो?"

"ते मला इचारा," आतून मामी म्हणाली. एरवी मी हसले असते.

मुलीला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. रक्त पुण्याला गेलं. पाच दिवस थांबा म्हणाले.

ते पाच दिवस मी भिगवणलाच राहिले. चूल बाहेर हलवली. पडवी ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसली. झाडू लावू नका, धूळ उडते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलीला बारा-पंधरा शब्द येत. रोज सकाळी मी ते तिच्याकडून म्हणवून घ्यायचे. पाणी. मासा. आबा. चौथ्या दिवशी ती 'मासा' म्हणेना. मी मासा समोर धरला, तिने तोंड फिरवलं. रुसली असेल, मुलं रुसतात. मी परसात त्या जळालेल्या गवतापाशी जाऊन उभी राहिले.

मामांनी तोवर जाळ्याच्या साऱ्या गोळ्या तोडून डब्यात भरल्या होत्या. डबा त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"पुढारीणबाई, आता ह्ये टाकू कुठं? पाण्यात टाकलं तर मासं गिळत्यात, मातीत पुरलं तर पोरं उकरत्यात. तुझ्या कागदात लिवलंय का कुठं?"

लिहिलं नव्हतं.

रक्तात शिसं निघालं, चालेल त्याहून बरंच जास्त. डॉक्टर म्हणाले, त्यापासून लांब ठेवा, पालेभाजी, कडधान्य खाऊ घाला, महिन्याने पुन्हा तपासू. पुढे काय होईल, असं वहिनीने विचारलं. ते म्हणाले, आज सांगता येत नाही. 'मासा' दुसऱ्या दिवशी परत आला. पण अजूनही ती एखाद्या शब्दाला अडली, की आम्ही सगळे बोलायचं थांबतो.

न फोडलेल्या बॅटऱ्या घेऊन मी आणि मामा बारामतीच्या दुकानात गेलो. त्यातल्या बऱ्याच तिथेच विकल्या गेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, कंपनी आम्हाला काही कळवत नाही. मामा पायरीवर बसले. त्यांच्या कपड्यांना मासळीचा वास होता, गिऱ्हाईक दारातूनच परत फिरत होतं. दुपारी दुकानदाराने कंपनीच्या माणसाला फोन लावला, बॅटऱ्या ठेवून घेतल्या आणि पावती लिहून दिली. गोळ्यांचा डबा मात्र घेतला नाही. तो मामांच्या घरी कुलपात आहे.

तुमच्या घरात एखादी संपलेली बॅटरी असेल. ती भंगारात देऊ नका, माझ्यासारख्या पत्रकवालीलाही देऊ नका. जिथून घेतली त्या दुकानात स्वतः घेऊन जा, आणि पावती मिळेपर्यंत पायरीवरून उठू नका.