दगडाची पहिली आंघोळ

आमच्या गावात दिवाळीची पहिली आंघोळ एका दगडाला मिळते, आणि तिचं पाणी वाहून वाहून माझी कंबर कामातून गेली आहे. चावडीसमोर कमरेएवढा दगड उभा आहे. त्यावर कोरलंय, 'या गावातून एकोणीस माणसे महायुद्धावर गेली. तीन परत आली नाहीत.' नाव एकाचंही नाही. त्या तिघांतले एक माझे आजोबा. इंग्रजांच्या फौजेतून लढायला इटलीत गेले आणि तिकडेच राहिले. तेव्हा माझे वडील चार वर्षांचे होते, आत्या पोटात. घरात आजोबांचा फोटोसुद्धा नाही.

आत्याला गावातच दिलेली. आता ऐंशी उलटली तरी पहिल्या आंघोळीच्या पहाटे ती दगडाला तेल चोळते, उटणं लावते, ऊन पाण्याचे तीन तांबे ओतते आणि तीन कारिटं पायाखाली फोडते. कळशी मात्र माझ्या कमरेवर! सांगलीहून सुट्टीला यायचं ते हमालीला. एकदा कुरकुरले, तर म्हणाली, "तुज्या आज्याची आंगूळ हाय, उपकार न्हाईत." मी कळशी उचलली.

गेल्या वर्षी गावातल्या निवृत्त फौजींनी नवं स्मारक बांधायचं ठरवलं. काळा ग्रॅनाइट, त्यावर शहीद जवानांची नावं. कमिटीत सगळे हुकूम सोडणारे, ऐकणारा कुणी नाही. जागा मात्र एकमतानं ठरली, नेमकी दगडाची! अध्यक्ष सुभेदार स्वतः सांगायला आले.

"आक्का, दगड वड्याकडंला ठिवू. ती परक्या राजाची फौज हुती, आपली न्हवं."

"राजा परका आसंल," आत्या म्हणाली, "बा तर माजाच हुता की!"

माझंही डोकं फिरलं. "दगड तुमचं काय खातोय हो?" म्हटलं. सुभेदार अर्धा चहा ठेवून उठले, पण ठराव काही बदलेना. त्या दिवशी आत्या जेवली नाही. "वड्याचं पानी चढलं की दगड जाईल वाहून," एवढंच दोनदा बोलली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. ड्रायव्हर आटपाडीकडचा. त्यानं तेल पिऊन तुकतुकीत झालेला तो दगड पाहिला, वरचं हळद-कुंकू पाहिलं, मशीन बंद केलं आणि खाली उतरून चप्पल काढली.

"देवाला हात लावनार न्हाई. आमच्यात चालत न्हाई."

"आरं, देव न्हाई त्यो! इंग्रजांच्या येळचा दगड हाय," सुभेदार ओरडले.

"मग त्येल कोन लावतंय?"

सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. सुभेदार घाम पुसत जवळ आले. "आक्का, तुमीच सांगा त्येला, देव न्हाई म्हनून."

मी आत्याला हळूच चिमटा काढला. नुसती गप्प राहिली असती तरी काम फत्ते होतं! पण खोटं तिला कधी जमलंय?

"देव न्हाई बाबा," ती म्हणाली. मी कपाळाला हात लावला. "बा हाय माजा. दिवाळीला घरी आला न्हाई, म्हनून हितंच न्हाऊ घालती."

ड्रायव्हर चप्पल घालून मशीनवर चढला. संपलं सगळं, असं मला वाटलं. त्यानं नुसती किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"देव आसता तर नारळ फोडून सरकवला आसता," तो म्हणाला. "कुनाचा बा कसा हलवू?"

शेवटी कमिटीनं ठराव बदलला. ग्रॅनाइट चार हात पलीकडे उभा राहिला.

यंदा पहिल्या आंघोळीला कळशी सुभेदारांनी आणली. माझ्या कमरेची सुटका झाली! आत्या तेल चोळत होती. ते म्हणाले, "आक्का, तुमच्या वडलांचं नाव सांगा. ग्रॅनाइटवर सगळ्यात वर घालतो."

"आनि बाकीच्या दोघांचं?"

सुभेदार माझ्याकडे बघायला लागले. त्या दोघांची घरं कधीच उठून गेली, नावं गावात कुणालाच ठाऊक नाहीत.

"मग ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "तिगं संगं गेल्यात, संगंच ऱ्हाऊ देत."

तिनं तीन तांबे ओतले. इतकी वर्षं मी समजत होते, पहिला आजोबांचा आणि पुढचे दोन उटणं धुवायला. मग एक कारीट तिनं पायाखाली फोडलं. उरलेली दोन सुभेदारांनी तिच्या हातातून घेतली, बूट काढले आणि एकेक करून फोडली.