सगळ्यांच्या कुप्या

प्रयोगशाळेत माझ्या शेजारी काम करणाऱ्या ताई मूळच्या नामपूरच्या. फ्रीजरचं दार लावलं की त्या ते तळहाताने दाबायच्या आणि त्यालाच विचारायच्या, "लागलं ना रे नीट?" मला हसू यायचं.

एका सोमवारी आले तर फ्रीजर बंद पडलेला, खाली पाणी साचलेलं. पेशींमधलं प्रथिन शोधायला लागणारी माझी अँटिबॉडी त्यातच होती. परदेशातून मागवलेली एवढीशी कुपी! मला रडूच फुटलं. तेवढ्यात ताई आल्या.

"अगं, रडते कशाला? काल आपल्या गंगापूर रोडची लाइट गेली, तशी मी आले बघायला. सगळ्यांच्या कुप्या बर्फात घालून खाली जनरेटरवर चालणाऱ्या फ्रीजरमध्ये ठेवल्यात. तुझी गोठलेलीच आहे."

"मग फोन नाही केलात?"

"रविवारी कशाला घाबरवायचं?"

मग त्यांनी ती अँटिबॉडी माझ्याकडून छोट्या नळ्यांत थोडी थोडी भरून घेतली, म्हणजे दरवेळी लागेल तेवढीच वितळेल, बाकीची खराब होणार नाही.

दुसऱ्या दिवशी तीच अँटिबॉडी वापरून प्रयोग केला, तर पडद्यावर प्रथिनाची काळी रेघ ठळक उमटली. ताई चष्मा वर करून वाकल्या. "आली गं बाई!" म्हणाल्या आणि माझ्याआधी त्यांनीच सुस्कारा सोडला.