शिशाचा स्वभाव

माणसांचा स्वभाव ओळखणारे पुष्कळ भेटतात. शिशाचा स्वभाव ओळखणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि दैवयोग असा, की त्याच्याच मुलीशी माझं लग्न लागलं. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. हे मामा पलटणीतून जमादार होऊन उंब्रजला परतले, ते पेन्शन, मिशा आणि एक जुनी अमेरिकन रायफल घेऊन. तिची खालची दांडी खटकन ओढली की रिकामी पुंगळी बाहेर उडायची आणि नवं काडतूस आत जाऊन बसायचं. काडतुसाचं नाव तीस-तीस. हरणाच्या शिकारीला त्याच्यासारखं दुसरं नाही, असं मामा देवाची शपथ घेऊन सांगत. पण दुसरी मोठी लढाई पेटली आणि पुण्याच्या दुकानात ते मिळेनासं झालं. दुसरा कुणी असता तर रायफल खुंटीला टांगून हरी हरी करत बसला असता. मामांनी परड्यात चूल मांडली. ठिणगी पाडणाऱ्या टोप्या आणि बंदुकीची दारू त्यांनी आधीच भरून ठेवली होती, रिकाम्या पुंगळ्या होत्याच; अडलं होतं ते गोळीपाशी. ती घरी ओतायचं त्यांनी मनावर घेतलं.

मी तेव्हा सांगलीला एका छापखान्यात होतो. मुलगी देताना बाप पगार विचारतो, शेतीवाडी विचारतो. मामांनी मला विचारलं, की छपाईचे शिशाचे खिळे झिजले म्हणजे तुम्ही त्यांचं काय करता? वितळवतो, असं मी म्हणालो, तशी त्यांनी सासूबाईंकडं बघून मान हलवली आणि सुपारी फुटली. आमची ही अजून म्हणते, की तुम्हाला रूपावर नाही, शिशावर पसंत केलं. खोटं कशाला सांगू, तिचं म्हणणं खरंच आहे. दर दिवाळीला मी मालकांना विचारून दोनेक शेर झिजके खिळे फडक्यात बांधून मसूर स्टेशनला उतरायचो. तिथून पुढं बैलगाडी. घरात पाय ठेवताच मामा माझ्याआधी गाठोड्याची विचारपूस करत.

पहिल्या दिवाळीला मला वाटलं, म्हातारपणी माणसाला काहीतरी नाद हवा, त्यातलाच हा. पण चुलीपाशी बसलो आणि मीच गुंतलो. निव्वळ शिसं मऊ, ते नळीतच आपलं अंग सोडून जातं. त्यात खिळ्यांची भर घातली की ते कडक होतं. पण भर जास्त झाली तर गोळी सुईसारखी आरपार जाते आणि जनावर तीन टेकड्या ओलांडून कुठंतरी कुढत मरतं. म्हणून कल्हईवाल्याकडून थोडं कथील आणून घालायचं. मी शहाणपणा करून विचारलं, की गोळीचं नाक असं चपटं का, टोकदार का नको? मामांनी चार काडतुसं जमिनीवर एकापुढं एक मांडली. या रायफलीत ती अशीच नळीखाली ओळीनं निजतात, एकाचं नाक दुसऱ्याच्या बुडाला टेकून, आणि बुडाला असते टोपी. टोकदार नाक आत ठेचलं तर काडतूस हातातच उडायचं. मी पुन्हा शहाणपणा केला नाही.

दारू मोजायला सोनाराचा काटा आणि गुंजा. गुंज गुंजेसारखी नसते, म्हणून मामांनी शेकड्यांतून निवडून काढलेल्या गुंजा एका डबीत जपल्या होत्या आणि त्यांना पोरांचा हात लागू द्यायचे नाहीत. काट्याची सुई मात्र सासूबाईंनी बघायची. मामा तोलून तोलून दारू सोडायचे आणि सासूबाई डाळ निवडता निवडता म्हणायच्या, "अजून चिमूटभर. हां, बास." पलटणीतल्या माणसानं स्वयंपाकघरातला असा हुकूम ऐकलेला मी तरी दुसरीकडं पाहिला नाही.

मग परीक्षा. उसाची चिपाडं पोत्यांत भरून विहिरीवर भिजवायची आणि त्यांत गोळी मारायची. पोतं उसवून गोळी बाहेर काढली की मामा ती अंगठ्याखाली फिरवत आणि तिचा स्वभाव सांगत. फुटून तुकडे झालेली ती आगाऊ; जशीच्या तशी पार गेलेली ती मानभावी, आली कधी नि गेली कधी कळायचं नाही; आणि नाक नीट फुलून आतच थांबलेली ती घरंदाज. एक घरंदाज गोळी त्यांनी बायकोला कुंकवाच्या करंड्यात ठेवायला दिली होती. सासूबाईंनी ती ठेवलीही होती.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला सासूबाईंनीच सांगितलं. लढाईच्या आधी पाटणकडच्या डोंगरात मामांची गोळी एका सांबराच्या पोटाला लागली. दोन दिवस त्यांनी रक्ताचा माग काढला. तिसऱ्या दिवशी ते सापडलं, तेव्हा अजून जिवंत होतं. घरी येऊन मामा चार दिवस धड जेवले नाहीत. मग त्यांनी पण केला, की साठ पावलांवरून पाच गोळ्या पानाच्या डब्याच्या झाकणाएवढ्या जागेत बसल्या तरच पुन्हा जनावरावर बंदूक उचलायची. नाहीतर कायमची ठेवायची.

म्हणून दर दिवाळीच्या पाडव्याला सकाळी ओढ्याच्या दरडीला कागद लावायचा, त्यावर झाकण ठेवून कोळशानं गोल काढायचा आणि वाळूच्या पिशवीवर रायफल टेकून मामांनी पाच गोळ्या झाडायच्या. कागद आणायचा मी. पाच भोकं पाच गावांना गेलेली असायची. मामा म्हणत, कथील कमी पडलं. पुढच्या वर्षी, कथील जास्त झालं. त्याच्या पुढच्या वर्षी कल्हईवाल्याच्या इमानावर संशय. तो बिचारा घरी येऊन कुराणाची शपथ घेऊन गेला.

चौथ्या पाडव्याला मामांचा खांदा धरला होता. म्हणाले, "जावईबापू, आज तुमी मारा. गोळी कशी हाय ते तरी कळंल." मी जन्मात बंदुकीला हात लावला नव्हता. त्यांनी दस्ता कसा खांद्यात दाबायचा, श्वास कधी धरायचा ते शिकवलं. कान बधिर होईतो मी पाच बार काढले आणि कागद आणायला गेलो.

पाचही भोकं गोलाच्या आत होती. चार तर एकमेकांना चिकटून.

मला आनंद झाला तो क्षणभरच. माझ्यासारख्या खिळेजुळाऱ्याच्या हातून या गोळ्या अशा जात असतील, तर तीन वर्षं चूक गोळीची नव्हतीच. साठ पावलं परत चालताना मी काय काय ठरवलं. शेवटी जवळ येऊन म्हणालो, "मामा, माझ्याबी सगळीकडं पांगल्या."

त्यांनी हात पुढं केला. कागद डोळ्यांसमोर धरला नाही. मांडीवर पसरला आणि अंगठ्यानं चाचपत गेले. एक सुटं, मग ती चार भोकं एकत्र. अंगठा तिथंच थांबला.

"गोळी चांगली हाय," ते म्हणाले. कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "डोळ्याम्होरं धुकं हाय, चार सालं झाली. ठावं हाय मला. पर म्हनलं, खोट गोळीतच असू दे. गोळी सुदारता येती."

त्यांनी दांडी ओढून रायफल रिकामी आहे याची खात्री केली, नळी पुसली आणि ती माझ्या हातात दिली. एरवी जावयाच्या दहा पावलं पुढं चालणारा हा माणूस. त्या दिवशी बांधावरून घरी येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी वाट जरा सावकाश काढली.