मेहुण्याचं गाणं आणि उब्बोचा अकॉर्डियन

विन्सम गावात लग्नाचा वाढदिवस असो की निवृत्ती, घरातलं कुणीतरी जुन्या चालीवर नवं गाणं रचणार आणि कागद वाटून सगळ्यांकडून म्हणवून घेणारच. साथीला ठरलेला माणूस म्हणजे चर्चचा वादक उब्बो विर्सेमा. या गाण्यांनी त्याचं डोकं उठायचं.

"अरे, आपल्या भाषेतले जोडशब्द म्हणजे मालगाडी!" तो करवादायचा. "मागे कितीही डबे जोडा, इंजिन पुढेच. जोर पहिल्या अक्षरावर! ही गाढवं इंजिन गार्डाच्या डब्याला लावतात!"

मेहुणा त्यार्ड याच्या लग्नाला साडेबारा वर्षं झाली, त्या 'तांब्याचं लग्न' म्हणून गावात साजऱ्या होणाऱ्या समारंभात उब्बोने भर गाण्यात वाजवणं थांबवून पाहुण्यांना अक्षरं फोडून शिकवली. तेव्हापासून त्यार्डने उब्बोशी अबोला धरला, आणि उब्बोची बायको हार्मके नवरा नि भाऊ यांच्यात भरडत राहिली.

आता उब्बो-हार्मकेच्या लग्नाची चाळिशी. गाणं रचलं होतं त्यार्डने!

"थांबलास तर याद राख," हार्मकेने बजावलं. "एकुलता एक भाऊ आहे माझा. आज उठून गेला तर परत उंबरा चढायचा नाही."

खुर्च्या गोल मांडल्या होत्या. कॉफी-केक झाला, कागद फिरले. उब्बोने ध्रुवपद वाचलं आणि त्याला घाम फुटला. हार्मकेचे वडील बटाटे पिकवायचे, म्हणून त्यात 'आर्दापल्बूर', म्हणजे बटाटे-शेतकरी. जोर हवा 'आर'वर. चालीतला सगळ्यात उंच, लांब सूर येत होता 'पल्'वर. आणि प्रत्येक कडव्यानंतर हेच!

त्याने हार्मकेकडे पाहिलं. तिने बशी घट्ट धरली होती.

उब्बोने दात आवळले, अकॉर्डियनचा भाता ताणला, आधीचा सूर भलताच लांबवला आणि उंच सुरावर नेमका 'आर' आणून बसवला. उरलेली अक्षरं घाईघाईने कोंबली. पाहुणेही तसंच गात मागोमाग गेले. बिचाऱ्या चालीची हाडं खिळखिळी झाली, पण शब्द धड राहिला.

गाणं संपताच त्यार्ड फुललेल्या चेहऱ्याने आला आणि इतक्या वर्षांनी त्याने उब्बोच्या पाठीवर थाप मारली.

"पाहिलंत दाजी? अक्षर न् अक्षर बसलं! आणि तुम्ही उगाच लोकांचं डोकं खाता!"

उब्बोने तोंड उघडलं. हार्मकेने त्यात कढत तळलेला मांसाचा गोळा कोंबला.

"छान... बसलं," पोळलेल्या जिभेने तो पुटपुटला.

"मग माझ्या निवृत्तीलाही तुम्हीच वाजवा," त्यार्ड म्हणाला. "गाणं तयार आहे. याच्या दुप्पट लांब!"