व्हर्डेलला खरंच हवं असलेलं घर

व्हर्डेल हॉजेसनं जेवढी भाड्याची घरं पाहिली तेवढी एखाद्या दलालानंही पाहिली नसतील, आणि त्यातलं एकही तिला नको होतं. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यापासून ती शहराच्या घरहक्क कार्यालयासाठी हेच काम करायची. काळ्या माणसाला घर नाकारल्याची तक्रार आली, की आधी व्हर्डेल ते घर मागायला जायची आणि पाठोपाठ तिच्याच वयाची, तिच्याच ऐपतीची एखादी गोरी बाई. एकीला 'जागा गेली' आणि दुसरीला 'कधी येताय राहायला?' असं ऐकू आलं, की मालक सापडला. अट एकच. पहिलीला काय उत्तर मिळालं हे दुसरीला ठाऊक असता कामा नये, नाहीतर मालकाचा वकील साक्षीच्या चिंध्या करतो. नव्या बायकांकडून व्हर्डेलच हे घोकून घ्यायची. "मनात आधीच राग असला ना, की कान हवं ते ऐकतात," असं ती बजावायची.

तिला स्वतःला 'नाही' ऐकण्याची इतकी सवय झाली होती, की हसून आभार मानायची आणि घरी येऊन मजेत चिकन तळायला घ्यायची.

यंदा मात्र घर तिलाच हवं होतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून नवरा, क्लिओफस, तिसऱ्या मजल्यावर अडकून पडला होता. इमारतीला लिफ्ट नाही. ईस्टरनंतर त्यानं रस्ता पाहिला होता तो खिडकीतूनच. आणि अशात चर्चच्या समोरच तळमजल्याची जागा रिकामी असल्याची पाटी तिला दिसली.

मालकानं दारातूनच सांगितलं, "कालच गेली हो, बाई."

"मग पाटी?"

"काढायची राहिली."

व्हर्डेल तडक कार्यालयात गेली. तिथं आता लमाँट पेटिफोर्ड हा एकच तपासनीस उरला होता. बाकीच्या टेबलांवर धूळ होती.

"मिस व्हर्डेल, तक्रार घेतो मी. पण दुसरी बाई पाठवायला पैसे नाहीत. वॉशिंग्टनहून आलेच नाहीत."

"मंजूर झाले म्हणत होतास ना?"

"मंजूर झालेत. आले नाहीत."

"लग्न ठरलं म्हणून पाळणा हलत नाही, बाळा!"

सरकारची ही तऱ्हाच आहे. कायदा वाजतगाजत करायचा आणि राबवणाऱ्यांच्या तोंडाला पानं पुसायची. घर नाकारणारा मालक तेवढा निवांत.

"दुसऱ्या बाईशिवाय तुमचा शब्द आणि त्याचा शब्द, एवढंच उरतं," लमाँट हळूच म्हणाला.

"मीच शिकवलंय तुला ते," म्हणून ती उठली.

घरी येऊन तिनं बर्नाडीनला फोन केला आणि सगळा संताप ओकला. बर्नाडीन वोझ्नियाक ही पलीकडच्या पोलिश वस्तीतली गोरी बाई, याच कामातली. कार्यालयाच्या नाताळच्या जेवणात दोघींची गट्टी जमली होती. मन मोकळं झालं, व्हर्डेलला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्नाडीन तिन्ही जिने चढून धापा टाकत आली. चेहरा असा फुललेला!

"सापडला मेला! किल्लीच हातात देत होता. म्हणे, तुमच्यासारखी शांत माणसंच हवीत आम्हाला!"

व्हर्डेलनं हातातला कॉफीचा कप टेबलावर ठेवला. "तू गेलीस?"

"मग? लमाँटकडे पैसे नाहीत, माझ्याकडे गाडी आहे!"

"अगं बये, काल मीच तुला सगळं सांगितलं ना!"

"म्हणून तर गेले." बोलता बोलताच बर्नाडीनच्या लक्षात आलं. तिचा हात तोंडाकडे गेला. "मी सांगेन, मला काही माहीत नव्हतं."

"शपथेवर? मग तो मालक तरी काय वेगळं करतोय?"

चूक बर्नाडीनची नव्हतीच. फोन केला होता व्हर्डेलनं. जगाला अट शिकवली आणि स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा तोंड आवरलं नाही. तिला स्वतःचा असा राग आला, की समोरची कॉफी तिनं मोरीत ओतून टाकली.

आतल्या खोलीतून क्लिओफसचा जडावलेला आवाज आला. "कोण आलंय? मिळालं का गं ते घर?"

बर्नाडीननं मान खाली घातली.

"मिळालं," व्हर्डेल म्हणाली. "हिला."