आईच्या हातून ताट पडलं नाही

सिनेमात लहान मुलीसोबत काही वाईट घडणार असलं की आधी पाऊस येतो. मग वीज जाते, खिडकी आपटते आणि एक बाहुली जमिनीवर पडते. आमच्या घरी बाहुली नव्हती. वीज मात्र रोजच जायची, त्यामुळे कोणाला कसला संशय आला नाही.

हे मी विनोद म्हणून लिहीत नाही. म्हणजे थोडं विनोद म्हणूनही लिहिते आहे. दुसऱ्या पद्धतीनं मला ते अजून नीट लिहिता येत नाही.

बुलढाण्याला कॉलेजात होते तेव्हा जनजागृती म्हणून आम्हाला असाच एक सिनेमा दाखवला. वाईट माणूस दिसला की मागून संगीत सुरू व्हायचं. लाल डोळे, गळ्यात साखळी, जीभ ओठांवर. माझ्या बाबतीतला माणूस म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. तो पंगतीत आग्रह करकरून बुंदी वाढायचा, गल्लीतल्या बायांचे मिक्सर फुकट दुरुस्त करून द्यायचा. त्याच्या मागे कधी संगीत वाजलं असतं तर माझं काम फार सोपं झालं असतं.

मध्यंतरानंतर सिनेमातली मुलगी मोठी झाली. तिला हसू येत नाही, जेवण जात नाही. ती अंगावरच्या कपड्यांसकट शॉवरखाली उभी राहते आणि पाणी वाहतच राहतं. मी त्या दुपारी मेसमध्ये चार पोळ्या खाऊन आले होते. मला हसू फुटलं.

शेजारी बसलेल्या रूममेटनं चिमटा काढला. "काऊन हासून राह्यली बे? मॅडम पाहून राह्यल्या."

"किती पानी सांडून राह्यली ती," मी म्हणाले. "आमच्या गावात टँकरवाल्यानं मारलं असतं."

मला काहीच झालं नाही असं नाही. काही वास आले की मी अजून तिथून उठून जाते, आणि मागून कोणी खांद्यावर हात ठेवला तर मी दचकते. पण त्याच दिवशी भूकही लागते. हे दोन्ही एका मुलीत मावतं हे सिनेमावाल्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

मग पडद्यावरच्या आईला ते कळलं. तिच्या हातातून ताट पडलं, गरगर फिरलं, आणि ती जी भिंतीला टेकून गप्प बसली ती शेवटपर्यंत उठलीच नाही. इथं मात्र माझं हसणं थांबलं. कारण त्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण इंग्रजीच्या क्लाससाठी मोताळ्याला आत्याकडे राहायला जाणार होती. तिची पिशवीसुद्धा भरून झाली होती. आईला सांगणं भाग होतं, आणि माझ्याकडे आई म्हणून नमुना होता तो ताटवालीचा.

धाड या बाजारगावाजवळच्या आमच्या गावी गेले तेव्हा घरी कुरडया सुरू होत्या. भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक शिजला की तो गरम आहे तोवरच सोऱ्यातून पाडावा लागतो. गार झाला की कुरडई तुटते. म्हणून एकदा सोऱ्या हातात घेतला की बाया मध्ये उठत नाहीत. गच्चीवर आई आणि मी, दोघीच होतो. मी चीक भरून देत होते.

"माय, लाहानीले आत्याकडं नको पाठवू."

"काऊन वं?"

मी सांगितलं. दोनच वाक्यं होती, तीही मी अडखळत बोलले. आई सोऱ्या दाबत होती. तिनं गोल पुरा केला, दुसरा घातला, तिसरा घातला. मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही.

"चीक दे," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून खाली आलं, ते तिनं खांद्यानं पुसलं, कारण हात भरलेले होते. "मले आंधीच काऊन नाही सांगितलं?"

"तुह्या हातातून ताट पडंन वाटलं. सिनेमात पडते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "एवढा गहू भिजवला वं बाई. कशाले पाडू?"

चीक संपल्यावर तिनं हात धुतले आणि मला जवळ ओढलं. मग तिथूनच आत्याला फोन लावून म्हणाली, "त्याईले फोन द्या." तो आल्यावर ती म्हणाली, "माह्या मोठीनं मले सांगितलं. लाहानी येनार नाही. तुमीबी आमच्या दारात पाय ठेवू नका." पलीकडून फोन कट झाला. संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं, आणि पुढे आम्ही तिघं पोलीस ठाण्यातही गेलो. तिथं कोणी डायलॉग मारला नाही. आधी खुर्ची दिली, मग आधार कार्ड मागितलं.

बहीण मात्र त्या दिवशी फुगून बसली. "मंग माह्या क्लासचं काय?"

"धाडले जाजो जीपनं," आई म्हणाली. "रोज घरी येजो."

कुरडया उलटवताना मी बहिणीलाही खरं कारण सांगितलं, तिच्या वयाला कळेल तेवढं. तिनंही माझ्याइतकेच सिनेमे पाहिले होते.

"मंग तू रडत काऊन नाही?"

"रडली न सकाळी. मंग भूक लागली."

तिनं पातेल्याच्या तळाचा चीक खरवडला, त्यावर तेल टाकलं आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. मग पिशवी उघडून आपले कपडे परत फळीवर ठेवायला लागली.