दगड नसलेली तिघं

बोरीवली तेव्हा अजून मुंबईत मोडत नव्हती. स्टेशनाबाहेर टांगेवाल्याने विचारलं, "कबरस्तानात काय काम काढलं, साहेब?" मी ऐटीत म्हणालो, "अभ्यास!" पुण्याहून त्यासाठीच आलो होतो. थडग्यांवरचे दगड वाचायचे, जन्म-मृत्यूची सालं उतरवायची आणि पूर्वी किती मुलं लहानपणीच गेली ते काढायचं.

भातखाचरं संपली, ताडांची रांग लागली आणि चर्चमागची दफनभूमी दिसली. दगड शेवाळलेले. खडू घासला की अक्षरं वर येत. दुपारपर्यंत पुष्कळ दगड झाले, त्यांत मुलांचे अवघे चार. मुलं कमीच गेली, असा निष्कर्ष आयताच निघत होता. मी खूश! भिंतीकडेच्या मोकळ्या जागेत चाफ्याखाली वर्तमानपत्र पसरलं आणि दशम्यांचं फडकं सोडलं.

"मास्तर, उठा तिथनं," फुलं घेऊन आलेली एक म्हातारी म्हणाली. कातरीनबाई, गावातलीच. "खाली पोरं हायत."

मी घास टाकून उठलो. ती सांगू लागली: गरिबाच्या पोरावर दगड कोण बसवणार? लाकडाचा खुरीस (क्रूस) लावायचा. दोन पावसाळ्यांत तो कुजतो, मग त्याच जागी पुढचं पोर. तिचीही तीन तिथेच होती.

"मग लिवा ना माजी पन."

माझ्या तक्त्यात पहिला रकानाच दगडाच्या क्रमांकाचा. तिला समजावत बसायचा कंटाळा आला. ती नावं, वयं सांगत गेली आणि मी मान डोलावत कागदावर नुसती पेन्सिल फिरवली. हिला कुठे वाचता येतंय!

"वाचा बगू," ती म्हणाली.

"आग्नेल... मारी..." तिसरं आठवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "पास्कू," ती शांतपणे म्हणाली. "एकच दिस व्हता. चर्चला न्यायला येळच नव्हता, घरीच डोक्यावर पानी घालून नाव ठेवलं. आता लिवा."

या वेळी खरंच लिहिलं. पेन्सिल थांबेपर्यंत ती बघत उभी राहिली. मग माझं वर्तमानपत्र बाजूला सारून तिने तिथे फुलं ठेवली.

पुण्याला परतल्यावर तक्ता पक्का केला. दगड नाही म्हणून तिची तिन्ही मुलं मी माझ्या हाताने गाळली. गावात बालमृत्यू कमी होते, असा निष्कर्ष निघाला आणि त्याखाली मी सही ठोकली. लाज वाटत होती, तरी ठोकली. तिथे लिहायची छाती झाली नाही, म्हणून इथे लिहितो: आग्नेल, दीड वर्षं. मारी, चार महिने. पास्कू, एक दिवस.